बराकींतून उगवलेले शहर

शहरे कशी जन्मतात याची आपल्या मनात एक ठराविक कल्पना असते. पाण्याच्या काठी वस्ती होते, बाजार भरतो, देऊळ उभे राहते आणि मग पेठा नि वेशी येतात. आमचे कल्याण असेच वाढले. खाडीच्या आधाराने ते बंदर झाले, १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी ते घेतले, आणि १८५४ मध्ये ठाण्याहून पुढे सरकलेली आगगाडी तेथे पोहोचली. पण याच कल्याणच्या शेजारी एक शहर असे आहे, की ज्याला बालपणच लाभले नाही. ते जन्मले तेच लाखभर माणसांचे संसार घेऊन! ते शहर म्हणजे उल्हासनगर.

त्याची कथा सांगण्यापूर्वी वाचकांना मी जरा दूर, हॉलंडात नेतो. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बाँब टाकले. बाँबपेक्षाही पाठोपाठ उठलेल्या आगीने घात केला. शहराचा मध्यभाग बेचिराख झाला, सुमारे पंचवीस हजार घरे गेली आणि ऐंशी हजारांच्या आसपास माणसे उघड्यावर आली. राख निवली नव्हती तोच, अवघ्या चार दिवसांत, नगररचनाकार विटेफेन यांच्यावर नव्या आराखड्याचे काम सोपवण्यात आले. जळालेल्या भागातील जमीन सरकारने ताब्यात घेतली. पुढे फान त्रा यांनी तो आराखडा बाजूस सारून नवाच केला आणि १९४६ मध्ये तो मंजूर झाला. १९५३ मध्ये लाइनबान नावाची बाजारपेठ उघडली. तिच्यात गाड्यांना मज्जाव, केवळ पायी चालणाऱ्यांचे राज्य! जगभरचे रचनाकार ती पाहावयास जाऊ लागले.

आता आपल्याकडे या. त्याच महायुद्धात कल्याणपासून काही मैलांवर लष्कराने छावण्या उभारल्या. एकापुढे एक पाच कॅम्प आणि त्यांत लांबच लांब बराकी. युद्ध संपले, शिपाई गेले आणि बराकी ओस पडल्या. तोच फाळणी झाली. सिंधमधून घरदार सोडून निघालेली माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागली. त्यांतील सुमारे एक लाख माणसांची सोय या ओसाड बराकींत करण्यात आली.

मला इतिहासाचे हे उलटेपण फार अर्थपूर्ण वाटते. रॉटरडॅमला माणसे उरली होती, शहर जळाले होते. कल्याण कॅम्पात छपरे उरली होती, शहर मात्र नव्हतेच. आणि आलेल्या माणसांचे शहर तर दुसऱ्या देशात राहिले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसवली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांच्या छावणीला असे नाव ठेवणाऱ्याच्या आशावादाला नमस्कारच केला पाहिजे.

एका बराकीत अनेक कुटुंबे. मध्ये भिंत म्हणून गोणपाट किंवा चादर. जुनी सिंधी मंडळी सांगतात, की शेजारच्या घरातले भांडण आणि भजन दोन्ही आपल्याच घरातले वाटे. पण त्या चादरीची पुढे वीट झाली, ओट्याचे दुकान झाले. पापड-लोणची, मिठाई, कापड, फर्निचर, काय म्हणाल ते येथे तयार होऊ लागले. १९५५ मध्ये रेल्वेने उल्हासनगर स्थानक दिले. येथल्या मालावरच्या ‘यू.एस.ए.’ या छापाचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावून आम्ही कल्याण-डोंबिवलीकर हसत असू. आणि हसत हसत लग्नाचे कपडे नि दिवाणखान्यातले कपाट मात्र तेथूनच आणत असू. कोणत्याही सिंधी घरात जा, पाण्याच्या पेल्याबरोबर पापड पुढे येतोच.

मग उणे कोठे पडले? मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ मध्येच झाला होता. १९४८ मध्ये मोडक आणि मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली होती. १९५४ च्या नव्या कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखड्याची जबाबदारी आली. म्हणजे विद्या आपल्याजवळ होती. परंतु आराखडा कोऱ्या जागेवर काढणे सोपे, लाख माणसांनी आधीच संसार मांडलेल्या जागेवर काढणे कठीण. रॉटरडॅममध्ये जमीन आधी हाती आली, मग रेघा ओढल्या गेल्या. येथे माणसे आधी आली, मालकीचे कागद मागाहून. आणि कागदांच्या आधी मजले चढले. सुमारे तेरा चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या खानेसुमारीला पाच लाखांवर माणसे भरली. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा हजारो कुटुंबांपुढे दुसऱ्या विस्थापनाचे भय उभे राहिले. अखेर २००६ मध्ये केवळ या एका शहरासाठी राज्याला बांधकामे नियमित करण्याचा कायदा करावा लागला. कायद्याने इमारत नियमित होते, मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे प्राणास मुकली.

तेव्हा, आराखडा मोठा की माणूस, असा वाद घालण्यात अर्थ नाही. आराखड्यावाचून माणसाने शहर उभारले, हा उल्हासनगरचा पराक्रम. आणि त्या पराक्रमाच्या पाठीशी वेळीच आराखडा उभा राहिला नाही, हे आपल्या सर्वांचे देणे. ते देणे आता ठाणे, कल्याण, डोंबिवली या साऱ्याच भागावर चढते आहे, कारण येथे रोज नवी माणसे येतात आणि प्रत्येकाला आज रात्रीच छप्पर हवे असते.

अजूनही उल्हासनगरातल्या पत्त्यात बराकीचा नंबर आणि कॅम्पचा आकडा लिहिलेला सापडतो. बराक केव्हाच गेली, तिच्या जागी चार मजले आले, पोस्टमन मात्र तोच नंबर शोधतो. यंदा दिवाळीच्या खरेदीला तिकडे गेलात, तर दुकानाच्या पाटीवरचा तो पत्ता एकदा वाचा. त्या आकड्यामागे कोणीतरी सिंधमध्ये लावून आलेले एक कुलूप आहे.