खाऱ्या हवेत साऊंड सिस्टीम टिकवायची तर रॅक कसा असावा?

मालवण : चतुर्थीला चाकरमानी गावी येतो आणि येताना होम थिएटर नाहीतर नवा अॅम्प्लिफायर घेऊन येतो. आरत्या, भजनं दणक्यात होतात. पुढच्या वर्षी तोच सेट लावायला जावं, तर एका बाजूचा आवाज गायब, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर, आणि सेटखालचा दुकानातून आणलेला तयार रॅक पायाशी पावासारखा फुगलेला. दोष बहुतेक वेळा कंपनीला दिला जातो. पण किनाऱ्यावरच्या घरात सेट कशावर ठेवला आणि कुठे ठेवला, याला कंपनीच्या नावाइतकंच महत्त्व आहे.

त्रासाचं मूळ मीठ. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते यामुळेच. समुद्राच्या वाऱ्यातून हेच मीठ बारीक कणांनी घरात येतं, सर्किटवर आणि जॅकवर बसतं आणि पावसाळाभर ओलसर राहतं. धातू गंजतो, संपर्क सुटतो. देवबाग, तारकर्ली, आचरा, निवती, शिरोडा या गावांत हा त्रास जास्त. कणकवली, वैभववाडीकडे मीठ कमी, दमटपणा मात्र आहेच.

म्हणून इथल्या रॅकचं पहिलं काम हवा खेळती ठेवणं. दिसायला छान असलेलं काचेच्या दाराचं बंद शोकेस या कामाला सगळ्यात वाईट. आत अॅम्प्लिफायर तापतो, बंद केला की थंड होतो, आणि कोंडलेला दमटपणा आतच राहतो. रॅकची मागची बाजू पूर्ण उघडी असावी. भिंतीपासून चार ते सहा इंच अंतर ठेवावं. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल धरते, शिवाय मागे जागा असली की वाळवीची मातीची वाट वेळेत दिसते. पाल आत शिरून सर्किट शॉर्ट करण्याचा प्रकार इकडे नवा नाही. त्यासाठी रॅकच्या मागे मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून लावावी आणि महिन्यातून एकदा झटकावी. अॅम्प्लिफायरच्या झाकणावरच्या फटींवर मात्र जाळी, रुमाल किंवा विणलेलं कव्हर घालू नये.

लाकूड कुठलं?

शहरात मिळणारे बहुतेक तयार रॅक एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचे असतात, म्हणजे लाकडाचा भुसा नाहीतर चुरा चिकटवून दाबलेली फळी. वरचा कागद गुळगुळीत असतो, पण कडेने एकदा पाणी शिरलं की फळी फुगते आणि पुन्हा मूळ जागी येत नाही. स्क्रूही धरत नाही. फरशी पुसतानाचं पाणीसुद्धा त्याला पुरतं. फुकट मिळाला तरी किनाऱ्यावर तो घेऊ नये.

प्लायवूड घ्यायचं तर शिक्का बघावा. आयएस ३०३ लिहिलं म्हणजे झालं असं नाही, कारण त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. एमआर म्हणजे ओलसर हवा थोडीफार सोसणारं, बीडब्ल्यूआर त्यापेक्षा बरंच वरचं. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सगळ्यात महाग. घरच्या रॅकला बीडब्ल्यूआर चालतं. खाली पाणी येणारी पडवी असेल तरच मरीनचा खर्च करावा. कुठलंही घेतलं तरी कापलेल्या कडा आणि फळीची खालची बाजू यांना पॉलिश किंवा रंग हवाच. सुतार दिसणारी बाजू चकचकीत करतो, न दिसणारी तशीच सोडतो आणि ओल तिथूनच शिरते.

घरचा फणस कापलेला असेल तर प्रश्नच मिटला. फणसाच्या लाकडाला वाळवी सहसा लवकर लागत नाही आणि ते सुबक होतं. दक्षिणेत मृदंगाचं खोड याच लाकडाचं करतात. साग उत्तमच. आंबा स्वस्त, पण त्याला कीड आणि बुरशी पटकन लागते. लाकूड मात्र नीट सुकलेलं हवं, नाहीतर फळी वाकते.

लोखंडी अँगलचा रॅक स्वस्त आणि दणकट. त्यात जोड सगळ्यात आधी गंजतात, त्यामुळे वेल्डिंगवर रेड ऑक्साइडचे दोन हात मारूनच वरचा रंग द्यावा आणि चौकोनी पाइपांची तोंडं बंद करून घ्यावीत. ३०४ दर्जाच्या स्टीललाही समुद्राजवळ तपकिरी डाग येतात. ३१६ बरं, पण घरच्या रॅकला एवढा खर्च कशाला? स्क्रू तेवढे पितळी किंवा स्टीलचे वापरावेत.

मापं

घरगुती अॅम्प्लिफायर बहुधा १७ इंच रुंद आणि १२ ते १६ इंच खोल असतो. मागे वायरी येतात, म्हणून फळी १८ ते २० इंच खोल आणि आतून किमान २० इंच रुंद ठेवावी. अॅम्प्लिफायरच्या वर चार-पाच इंच मोकळे हवेत आणि तो सगळ्यात वरच्या फळीवर असावा, कारण गरम हवा वर जाते. भजनी मंडळाचा कान असलेला मिक्सर किंवा पॉवर अॅम्प्लिफायर असेल तर त्याचं माप वेगळं. टेलिफोन एक्सचेंजपासून चालत आलेलं १९ इंची माप त्याला लागतं आणि उंची ४४.४५ मिलिमीटरच्या पटीत मोजतात. एका पटीला ‘यू’ म्हणतात.

फळी लांब करण्याचा मोह टाळावा. लांबी दुप्पट केली तर मधोमध ठेवलेल्या त्याच वजनाने फळी आठपट वाकते. १८ मिलिमीटरच्या प्लायला अडीच फुटांनंतर मध्ये आधार द्यावा.

भिंतीवर फळी ठोकायची असेल तर चिरा ओळखून काम करावं. चिऱ्याला भोकं असतात, मध्येच मऊ मातीसारखा भाग लागतो आणि प्लॅस्टिकचा प्लग फिरत राहतो. जड सेटसाठी आरपार नटबोल्ट घालून पलीकडे मोठा वायसर लावावा, नाहीतर सरळ जमिनीवर पाय असलेला रॅक करावा. दुसरंच बरं.

स्पीकर रॅकवर नकोत. हादऱ्याने जॅक ढिले होतात, आणि रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो हादरा सुईतून परत स्पीकरात येऊन घुमतो. स्पीकरला वेगळं स्टूल द्यावं. माजघरात चटईवर बसून ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतो. त्या उंचीला स्पीकरचा छोटा, बारीक आवाजाचा भाग यावा. वाशाला टांगलेला स्पीकर खाली झुकवला नाही, तर बारीक आवाज डोक्यावरून जातो.

घर बंद राहणार असेल तर

तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, जिल्ह्यात अनेक घरांची कौलं उडाली. कौलारू घरात रॅक कौलांच्या जोडाखाली किंवा पन्हळीजवळ ठेवू नये, आणि खालची फळी जमिनीपासून किमान सहा इंच वर घ्यावी. घर महिनोन् महिने बंद ठेवताना प्लग काढून वायर गुंडाळून ठेवावी. डिशची वायरही सोडवावी, कारण वीज त्या वाटेनेही येते. सेटवर प्लॅस्टिक घालू नये, त्याखाली घाम धरतो. जुनी सुती चादर पुरते. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या रॅकवर काही कामाच्या नाहीत, त्या रिमोट आणि माइकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. रिमोटमधले सेल काढून ठेवावेत. चावी शेजारच्या काकांकडे असेल तर त्यांना पंधरवड्यातून एकदा अर्धा तास सेट चालू करायला सांगावं. आतल्या उबेने ओल निघून जाते. गडगडाट सुरू असेल त्या दिवशी मात्र प्लग लावू नये.