पिंजऱ्यातील कोंबडी आणि कायदा
मुंबईत १८७४ साली प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्यासमोर प्रामुख्याने ओझ्याचे बैल आणि घोडे होते. कोंबड्या बहुधा परसातच चरत. नृत्यांगना व राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ ने पुरेशी हालचाल करू न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा ठरवला. तरीही पुढे अंड्यांच्या व्यवसायात ‘बॅटरी केज’, म्हणजे ओळीने रचलेले तारेचे अरुंद पिंजरे, रूढ झाले, ज्यांत कोंबडीला पंखही पसरता येत नाहीत. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड असलेला कायदा एवढ्या व्यवसायाला आवरणार तरी कसा? प्राणिमित्र संघटना न्यायालयांत गेल्या आणि २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ व्या अहवालात अंड्यांच्या व मांसाच्या कोंबड्यांसाठी स्वतंत्र नियमांचे मसुदे सुचवले.