तांबड्या पेशीतला भाडेकरू

हिवताप म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. आधी हुडहुडी, मग दोन-दोन गोधड्या घेऊनही न थांबणारी थंडी, मग अंग भाजून काढणारा ताप आणि शेवटी दरदरून घाम. एखादा दिवस माणूस बरा दिसतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. म्हणून त्याला पाळीचा ताप म्हणत. असा ताप वारंवार आला की पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढे आणि माणूस पांढराफटक पडे. ही पाळी कोण ठरवतो? पानथरी का वाढते? या प्रश्नांची उत्तरे आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत दडलेली आहेत. ती शोधण्याच्या इतिहासात आपल्या आसपासच्या गावांचा आणि माणसांचाही वाटा आहे.

१८८० मध्ये अल्जेरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी दिसला. पुढे पाच-सहा वर्षांत इटलीच्या गोल्जी यांनी पाळीचे कोडे सोडवले. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, त्याची अनेक पिल्ले होतात आणि ती सगळी एकाच सुमारास पेशी फोडून बाहेर पडतात. हुडहुडी भरते ती नेमकी त्या वेळी. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांनी १८८७ मध्ये आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तात हाच जीव पाहिला. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या प्रसिद्ध वैद्यकीय ग्रंथातली चित्रे काढणारे कार्टर ते हेच.

त्यानंतर दहा वर्षांनी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत इतिहास घडवला. त्या काळी आपले कळमनुरी निजामाच्याच राज्यात होते आणि शेजारी हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. म्हणजे हा शोध आपल्याच राज्यात लागला, असे कळमनुरीकरांना तेव्हा म्हणता आले असते. रॉस यांनी हुसेनखान नावाच्या एका हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले आणि दर डासामागे एक आणा दिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना परजीवी सापडला. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेनखानाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.

आता सगळ्यांचे लक्ष डासाकडे गेले. स्वतंत्र भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी फवारले गेले आणि १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास आला. रोग संपला, असे वाटू लागले. पण डास डीडीटीला आणि परजीवी क्लोरोक्विनला पुरून उरू लागले. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाख रुग्ण नोंदले गेले. डासाइतकेच तांबड्या पेशीकडेही पाहायला हवे, हे ध्यानात आले.

ही पेशी म्हणजे राहायला मोठी विचित्र जागा आहे. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि नवी प्रथिने बनवण्याची सोयही नसते. परजीवी म्हणजे रिकाम्या घरात घुसलेला, भाडे न देणारा भाडेकरू. घरात चूल नाही, नळ नाही. सगळे त्यालाच उभारावे लागते. म्हणून तो शेकडो प्रकारची प्रथिने तयार करून पेशीत आणि पेशीच्या आवरणावर पाठवतो. काही प्रथिने बाहेरून अन्नरस आत येण्यासाठी वाटा उघडतात. काही हिमोग्लोबिन पचवतात. हेच त्याचे मुख्य खाणे. फाल्सिपेरम जातीच्या परजीवीची काही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर उंचवटे उभे करून तिला चिकट बनवतात.

चिकटपणाचे कारण पानथरीत आहे. पानथरी हे रक्ताचे गाळणे आहे. जुन्या, ताठर, बिघडलेल्या पेशी ती अडवते. हे काम वाढले की ती फुगते. तिच्या तावडीतून सुटण्यासाठी परजीवी आपली पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटवून ठेवतो. त्या वाहिन्या मेंदूतल्या असल्या, तर हिवताप जिवावर बेततो.

हे सारे समजण्यासाठी परजीवी माणसाच्या शरीराबाहेर वाढवता येणे आवश्यक होते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रेगर आणि जेन्सन यांना ते साधले. मानवी तांबड्या पेशी ठेवलेल्या बंद पात्रात त्यांनी चक्क एक मेणबत्ती पेटवली. ती विझेपर्यंत आतला प्राणवायू कमी झाला आणि परजीवीला मानवणारी हवा तयार झाली. मग जगभरच्या प्रयोगशाळांत हे काम सुरू झाले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शोभना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी वाट धरली. ओडिशाच्या हिवतापग्रस्त भागात काही प्रौढांच्या अंगी या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांच्या रक्तद्रवाची रुग्णांच्या रक्तद्रवाशी तुलना करून, प्रतिकार असलेल्यांचे रक्त परजीवीची कोणती प्रथिने ओळखते, ते त्यांनी शोधले. त्यांत 'पी-शून्य' हे प्रथिन हाती लागले. त्याच्या एका भागाविरुद्धची प्रतिद्रव्ये प्रयोगशाळेत परजीवीची वाढ रोखतात, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉस यांच्या शोधाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

पुढचा शोध आणखी आश्चर्याचा होता. 'पी-शून्य'चे भावंड असलेले 'पी-दोन' हे प्रथिन खरे तर पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यात, म्हणजे रायबोसोममध्ये राबणारे. पण परजीवी तांबड्या पेशीत शिरल्यावर सव्वीस-अठ्ठावीस तासांनी ते पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि सहा ते आठ तास तिथे राहते. नेमक्या याच वेळी परजीवीच्या केंद्रकाचे विभाजन सुरू होते. प्रतिद्रव्ये घालून 'पी-दोन'ला अडवले, तर आतले विभाजन थबकते, असे २०१२ मध्ये या गटाने दाखवले. दाराबाहेर अडवले आणि घरातली वाढ थांबली, असाच हा प्रकार.

हे प्रयोगशाळेतले ज्ञान आहे. त्यातून औषध किंवा लस अजून झालेली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. पण ती परजीवी यकृतात शिरण्यापूर्वीच्या अवस्थेवर काम करते. तिथून निसटलेला परजीवी एकदा का तांबड्या पेशीत घुसला, की त्याला गाठणारी मान्यताप्राप्त लस आजही नाही.

तरीही या प्रथिनांचा उपयोग आपल्या गावापर्यंत पोचला आहे. आशाताई बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात, तेव्हा ती पट्टी परजीवीने रक्तात सोडलेली प्रथिनेच ओळखत असते. पण काही देशांत, आणि भारतातही, त्यांतले एक प्रथिन न बनवणारे फाल्सिपेरम परजीवी आढळले आहेत. अशा वेळी पट्टी फसू शकते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची रक्ताची काचपट्टी जुनी झाली, असे मानू नये.

हुसेनखानापासून ओडिशाच्या गावकऱ्यांपर्यंत, या इतिहासाचे प्रत्येक पान कोणीतरी दिलेल्या रक्तावर लिहिलेले आहे. तेव्हा थंडी वाजून ताप आला, तर अंगावर काढू नका. रक्त तपासून घ्या, आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या अर्धवट सोडू नका. भाडेकरू घरात असेपर्यंत पाळी पुन्हा येऊ शकते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)