घरची भाषा आणि वहीतली भाषा

दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाहीच्या वह्या तपासण्याचे काम आम्हा मास्तरांच्या मागे असते. भिवंडी तालुक्यातील खाडीकाठच्या एका शाळेत असताना एका मुलाच्या निबंधात ‘घोरा’, ‘गारी’ असे शब्द आले. मी लाल शाईने ‘घोडा’, ‘गाडी’ करून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याची आजी वही घेऊन आली. “गुरुजी, आमचे घरान असाच बोलतान. मंग आमचा सगल्यांचा चुकला काय?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. खरे उत्तर सापडायला पुढे पुष्कळ दिवस लागले.

वाचकहो, भिवंडी म्हटले की आपल्यापुढे मागांचा खडखडाट उभा राहतो. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी येथे उर्दू आणली, तेलंगणातून आलेल्या पद्मशालींनी तेलुगू आणली. पण शहराची वेस ओलांडा. खाडीकाठी भात आणि मीठ पिकवणाऱ्या आगऱ्यांची आगरी ऐकू येते. डोंगराच्या बाजूला वारली आणि ठाकरांचे पाडे आहेत. ज्यांचे नावच कात काढण्याच्या धंद्यावरून पडले, त्या कातकऱ्यांची बोली आणखी निराळी. कोकणी मुसलमानांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोकणी वळणाची मराठी चालत आली. मुले मात्र बहुधा उर्दू शाळेत जातात. म्हणजे चुलीपाशी एक भाषा आणि फळ्यावर दुसरी, हा प्रकार एकट्या आगऱ्यांचा नव्हे.

या बोलींची दखल कोणी घेतलीच नाही, असेही नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तो सिद्ध केला. पद्धत अशी की, बायबलातील उधळ्या मुलाची एकच गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घ्यायची. आगरी, कोळी, ठाकरी, वारली, काथोडी या बोली त्यात आहेत. गोरे साहेब राज्यकारभाराच्या सोयीने कामाला लागले असतील. पण त्यांनी एक गोष्ट योग्य केली. माणूस जसा बोलतो तसे लिहून घेतले, त्यावर लाल शाई चालवली नाही.

पुढे १९६१ च्या जनगणनेत देशभर १,६५२ मातृभाषांची नावे नोंदली गेली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावे वेगळी छापणे बंद झाले. आगरी माणूस मोजणीदाराला बहुधा ‘मराठी’ असेच सांगतो, आणि त्यात खोटे काही नाही. आगरी ही मराठीचीच लेक. पण लेक आईच्या नावाने ओळखली जाते म्हणून तिला स्वतःचे तोंडच नाही असे कसे म्हणावे?

आता त्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर. पुढे मी जुन्या वह्या पुन्हा चाळल्या. मुले ‘घोरा’ लिहितात, ‘गारी’ लिहितात. पण ‘डोंगरा’चा ‘रोंगर’ एकानेही केलेला नव्हता. शब्दाच्या आरंभीचा ड शाबूत राहतो, दोन स्वरांमधला तेवढा बदलतो. ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘घरात’चे ‘घरान’ होते, ‘मला’चे ‘मना’ होते. हे सारे नेमाने होते. चूक कधी नेमाने होत नसते; जे नेमाने होते त्याला व्याकरण म्हणतात. हिंदीतही असा मधला ड बदलतो. तेथे त्याखाली टिंब देऊन त्याला पाठ्यपुस्तकात मानाने बसवले आहे. आमच्या पोरांच्या वाट्याला मात्र लाल रेघ आली.

या लाल रेघेची किंमत कोण मोजतो? आधी मूल वर्गात बोलेनासे होते, मग घरी आजीच्या बोलण्याला हसू लागते, आणि पुढे त्याच्या मुलांना ती बोली येतच नाही. आज खाडीकाठच्या शेतांत गोदामे उभी राहिली आहेत, देशभरचे लोक कामाला येतात आणि नाक्यावर हिंदी चालते. अशा वेळी बोलीला आधार उरतो तो घराचाच.

अलीकडे बरे वारेही वाहू लागले आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड २०१३ साली निघाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. कागदावरचे वर्गात उतरेल तेव्हा खरे.

मी माझ्यापुरते एवढेच केले. फळ्यावर मधोमध रेघ मारतो. एका बाजूला लिहितो ‘घरी’, दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकात’. ‘गारी’ इकडे, ‘गाडी’ तिकडे. मुलांना दोन्ही येतात आणि लाज कशाचीच वाटत नाही. परीक्षेपुरते पुस्तकातले लिहायचे, हे त्यांना एका दिवसात कळते.

त्या आजीला मी नंतर जाऊन सांगितले, “मावशी, तुमचे चुकले नव्हते, माझे चुकले होते.” ती हसली आणि म्हणाली, “बसा गुरुजी, च्या घेवा.”

यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे जरा कान देऊन ऐका. एखादा शब्द अडला तर दुरुस्त करू नका. त्याचा अर्थ विचारा.