सोनेरी कुत्रा आणि बडोद्याचा चित्ता

आज बडोद्याच्या अलकापुरीसारख्या वस्तीतून मुलांच्या बरोबरीने चालताना दिसणारा गोल्डन रिट्रिव्हर हा सौम्य, सोनेरी केसांचा कुत्रा मुळात घरासाठी निर्माण झालेला नाही. तो शिकारखान्यातला नोकर होता. त्याला घरात स्थान कसे मिळाले हे समजून घ्यावयाचे, तर त्याच काळी बडोदे दरबारच्या पदरी असलेल्या दुसऱ्या एका शिकारी जनावराचीही आठवण ठेवावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंदुकीत सुधारणा झाली, तिचा पल्ला वाढला आणि टिपलेला पक्षी शिकाऱ्यापासून दूर, पाणथळीत किंवा झुडपांत पडू लागला. तो हुडकून, त्यावर दात न रोवता, मालकाच्या हाती आणून देणारा कुत्रा हवा होता. डडली मार्चबँक्स (पुढे ते लॉर्ड ट्वीडमाउथ झाले) यांनी स्कॉटलंडमधील आपल्या जहागिरीत हा उद्योग आरंभिला. १८६५ साली त्यांनी ब्रायटननजीक जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून ‘नूस’ नावाचा पिवळा कुत्रा घेतला. काळ्या भावंडांत तो एकटाच पिवळा निपजला होता. ट्वीड नदीकाठच्या, पाण्यात उतरणाऱ्या जातीच्या ‘बेल’ या कुत्रीशी त्याचा संयोग होऊन १८६८ साली पिवळी पिले झाली. त्यांतील काहींना पिवळ्या रानफुलांची नावे ठेवण्यात आली. या जातीचा उगम रशियन सर्कशीतील कुत्र्यांत आहे, ही रंजक कथा पुढे पुष्कळ वर्षे लोकांनी आवडीने सांगितली. मार्चबँक्स यांची हस्तलिखित नोंदवही १९५२ साली प्रसिद्धीस आली, तेव्हा ती निकालात निघाली.

१८६८ साली बडोद्याच्या गादीवर खंडेराव महाराज होते. हत्तींच्या साठमारीइतकाच येथे नावाजलेला खेळ म्हणजे चित्त्याकडून काळविटाची शिकार. १८७५ साली इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले, तेव्हा मही नदीकाठी डबका येथे त्यांना ती दाखविण्यात आली. डोळ्यांवर टोपरे चढविलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेत, टोपरे उतरवीत आणि क्षणार्धात तो सुटे. काळवीट पडले की मांसाचा वाटा पुढे करून त्याला शिकारीपासून दूर करीत. हे जनावर भलतेच माणसाळत असे. चित्तेवान त्याला दोरीने भर बाजारातून फिरवीत, आणि रात्री तो बाजेवर निजे.

परंतु माणसाच्या आश्रयास चित्ता वाढला नाही. त्या काळी बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होत नसे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत एका मादीला पिले झाल्याची नोंद केली आहे, तीही नवल म्हणून! प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. रानातले चित्ते सरत आले, तेव्हा कोल्हापूर दरबारने ते आफ्रिकेतून मागविले. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली हा प्राणी भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात सोडलेले चित्तेही आफ्रिकेतलेच. शिकारीची हौस ओसरली तेव्हा चित्त्याला जायला घर नव्हते; कुत्र्याला होते.

त्यामागे कुत्र्याच्या कामाचे स्वरूप होते. पक्षी पडेपर्यंत निमूट बसणे, माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याची इच्छा ओळखणे, तोंडातली वस्तू हळुवार धरणे व मागताच सोडणे, हे शिकारखान्याचे गुण घरातल्या तान्ह्या मुलाशेजारी तसेच उपयोगी पडले. १९१३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने या कुत्र्यांची वेगळी नोंद सुरू केली. १९७४ साली अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांच्याकडे ‘लिबर्टी’ ही कुत्री आली आणि व्हाइट हाउसच्या छायाचित्रांतून या जातीला घरगुती प्रतिष्ठा लाभली.

या प्रतिष्ठेची किंमत मात्र कुत्रा मोजतो. या जातीत कर्करोगाचे प्रमाण इतके आढळले, की २०१२ साली अमेरिकेत तीन हजारांवर कुत्र्यांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू करावा लागला. बडोद्यात तर उन्हाळ्याची वेगळीच आपत्ती. थंड पाण्यात उतरण्यासाठी अंगावर आलेली केसांची दुहेरी वाकळ आणि वैशाखात चाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा! घामाने अंग निववण्याची सोय कुत्र्याला नाही. धापा टाकणे हाच त्याचा उपाय. कळवळून त्याचे केस मुळापासून भादरणारे मालक आहेत, पण तेच केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात. त्याऐवजी सूर्य वर येण्यापूर्वी त्याला फिरवून आणावे, दुपारी ओल्या फरशीवर निजू द्यावे आणि काम द्यावे हे बरे. फेकलेला चेंडू आणणे हेही त्याच्या लेखी कामच.

ते न दिले तर तो आपण होऊन शोधतो. दारात पाहुणा आला की घरातली एखादी चप्पल तोंडात धरून तो सामोरा जातो, आणि पाहुण्याने हात पुढे करताच ती अलगद सोडतो. चपलेवर बहुधा दाताची खूणही नसते.