सिएटलचा महापौर आणि बर्फ

आंतरराष्ट्रीय करारावर सही देश करतो. शहराला तो हक्क नाही, मग शहर केवढंही असो. तरी २००५ मध्ये अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडली.

१६ फेब्रुवारीला हवामानाचा क्योटो करार लागू झाला, अमेरिकेला वगळून. तिने १९९८ ला सही केली होती, पण २००१ मध्ये बुश सरकारने अंग काढून घेतलं. त्याच १६ तारखेला सिएटलचे महापौर ग्रेग निकल्स यांनी इतर महापौरांना हाक दिली: देशाच्या वाट्याचं उद्दिष्ट आपण शहरं गाठू. म्हणजे २०१२ पर्यंत, १९९० च्या तुलनेत ७ टक्के कमी प्रदूषण.

यात नुसतं निसर्गप्रेम नव्हतं बरं का. त्या हिवाळ्यात कॅस्केड डोंगरांवर बर्फ फारच कमी पडला होता. सिएटलचं पाणी तिथलंच. वीजही बहुतेक धरणांची, आणि वीज कंपनी चक्क महापालिकेची! नळ आणि दिवा, दोन्ही अडचणीत.

कायद्याने या सह्यांना किंमत शून्य. पण कचरा, बांधकाम परवाने शहराच्याच हातात. २००९ पर्यंत हजारावर महापौर सामील झाले.

त्याच वर्षी निकल्स हरले. आदल्या डिसेंबरात बर्फ धो धो पडला, पर्यावरणासाठी रस्त्यांवर मीठ टाकलं नाही, शहर अडकलं. लोकांनी हिशेब चुकता केला.

मुंबईचा हवामान आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. त्याच महिन्यात नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक बसले. तिथे हरवायला महापौरच नव्हता.