नाशिकचा मतदार: १९३७ ते २०२४

नाशिक हें नांव निघालें कीं गोदावरी, रामकुंड आणि सिंहस्थ मनापुढें उभे राहतात. यात्रेकरूंचें नाशिक सर्वांस ठाऊक आहे. मतदारांच्या नाशिकचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. आणि तरीही या दोन्ही नाशिकांची कथा एकाच दारापाशीं सुरू होते.

ता. २ मार्च १९३० रोजीं पंचवटींतील काळाराम मंदिरापुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस रामाचें दर्शन घेतां यावें, एवढीच मागणी होती. स्थानिक लढ्याची धुरा ज्यांनीं वाहिली ते भाऊराव कृष्णराव गायकवाड पुढें दादासाहेब या नांवानें महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. सुमारें पांच वर्षें हा लढा चालला. परंतु दार उघडलें नाहीं. ऑक्टोबर १९३५ मध्यें याच जिल्ह्यांतील येवलें येथें आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली.

त्याच सालीं विलायतेंत हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा नवा कायदा मंजूर झाला, व तदनुसार १९३७ च्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या विधानसभेच्या १७५ जागांसाठीं निवडणुकी झाल्या. मताचा अधिकार त्या वेळीं सर्वांस नव्हता. शेतसारा, घरभाडें, कर किंवा शिक्षण यांच्या मापानें तो मोजून दिलेला होता. कांहीं स्त्रियांस तो केवळ पतीच्या पात्रतेमुळें लाभला होता. अस्पृश्य वर्गांसाठीं १५ जागा राखून ठेवल्या होत्या. आंबेडकरांनीं १९३६ सालीं स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फें नाशिक जिल्ह्यांतून गायकवाड निवडून आले. ज्यांस पंचवटींतील मंदिराचा उंबरठा ओलांडण्याची बंदी होती, ते मुंबईच्या विधिमंडळांत लोकप्रतिनिधि म्हणून बसले. पुढें १९४७ सालीं याच विधिमंडळानें मंदिरप्रवेशाचा कायदा केला. सत्याग्रहींनीं वर्षानुवर्षें ठोठावलेलें दार अखेर कायद्यानें उघडलें.

प्रौढ मतदानाचा हक्क १९५२ च्या निवडणुकींत प्रथमच प्रत्यक्षांत आला. मालमत्तेचें माप गेलें, शिक्षणाचें माप गेलें. वयाचीं २१ वर्षें पुरीं झालीं कीं स्त्रीपुरुष दोघेही मतदार. पांचच वर्षांनीं, १९५७ सालीं, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या काळांत, नाशिकनें दादासाहेब गायकवाडांस लोकसभेवर पाठविलें. या वेळीं त्यांस मत देणारा मतदार १९३७ च्या मतदाराहून फार निराळा होता: त्यांत मजूर होते, कुळें होतीं, आणि स्वतःच्या हक्कानें मत देणाऱ्या स्त्रिया होत्या.

यानंतर बदललें तें शहर स्वतः. सातपूर व अंबड येथें कारखाने आले. खेडीं शहराला येऊन मिळालीं. १९८२ सालीं नाशिकरोड-देवळाली व सातपूर यांसह सर्वांची मिळून महानगरपालिका झाली. १९८९ पासून मतदाराचें वय १८ वर आलें. २००१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती पावणेअकरा लाखांवर गेली होती. विधानसभेचा जुना ‘नाशिक’ मतदारसंघ या विस्तारास पुरेनासा झाला. २००४ सालीं त्या मतदारसंघांतून काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या. त्या नांवाच्या मतदारसंघाची ती अखेरची सार्वत्रिक निवडणूक ठरली. २००८ च्या पुनर्रचनेनें नाशिक पूर्व, नाशिक मध्य व नाशिक पश्चिम असे तीन मतदारसंघ निर्माण झाले. पंचवटी पूर्वेंत आली, जुन्या नाशिकचे मोहल्ले व कॉलेज रोडची वस्ती मध्यांत, आणि सातपूर-सिडकोची कामगारवस्ती पश्चिमेंत.

सीमा तीन झाल्या, पण कौल मात्र एकच राहिला, ही या इतिहासांतील विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट होय. २००९ सालीं महाराष्ट्र नवनिर्माण सेनेस साऱ्या राज्यांत १३ जागा मिळाल्या; त्यांपैकीं तीन या शहराच्या होत्या. पूर्वेंत उत्तमराव ढिकले, मध्यांत वसंत गिते व पश्चिमेंत नितीन भोसले विजयी झाले. २०१४ सालीं तिन्ही जागा भारतीय जनता पक्षाकडे गेल्या: बाळासाहेब सानप, देवयानी फरांदे व सीमा हिरे. २०१९ सालीं पूर्वेंत त्याच पक्षातर्फें राहुल ढिकले आले. ते उत्तमरावांचेच पुत्र, म्हणजे घराणें तेंच, पक्ष निराळा. २०२४ सालीं हेच तिघे पुन्हां निवडून आले. जो शहरी मतदार एका वेळीं तीन जागा देतो, तोच पुढल्या खेपेस तिन्ही काढूनही घेतो. पाणी, रस्ता व रोजगार यांची चिंता मतदारसंघाच्या रेषेपाशीं थांबत नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

१९३७ सालीं कांहीं स्त्रिया पतीच्या पात्रतेनें मत देत होत्या. २०१४ पासून शहराच्या तीन जागांपैकीं दोन जागांवर स्त्रियाच लागोपाठ तीन वेळां निवडून आल्या आहेत. बाहेर उभे असलेले आंत आले, ही या कथेची जमेची बाजू. दुसरी बाजू अशी कीं, दिंडोरीसारख्या ग्रामीण भागांत मतदानास जी गर्दी लोटते, ती शहरांत सहसा दिसत नाहीं. एके काळीं दारावर पहारा होता म्हणून माणसें बाहेर राहत. आज पहारा नाहीं; तरीही मतदानाच्या दिवशीं शहरांतील कितीएक घरांतून कोणी बाहेरच पडत नाहीं.